ओला क्रूस

चेल्सोने त्या बुधवारी पहिल्या वळणावर शिवी दिली नाही, तेव्हाच खरं तर मी गाडीतून उतरायला हवं होतं.

आमच्या ओर्सेरा खोऱ्यात वळणं मोजायची झाली तर लोक चेल्सोच्या शिव्यांवरून मोजतात. दुधाच्या डेअरीपाशी साधी, लाकडाच्या वखारीपाशी जरा घरगुती, आणि दरीच्या तोंडाशी जी देतो ती पाद्री समोर असला तर फक्त ओठांनी. मे ते ऑक्टोबर, दर बुधवारी, बारा पाहुणे, तो आणि मी. तो गाडी चालवतो. मी पुढच्या सीटवर उलटा बसून हातातल्या माईकवर चित्रांबद्दल सांगतो. घरांच्या भिंतींवरचे संत कोणी काढले, चर्चच्या घुमटात देवदूतांची इतकी गर्दी का, आणि पोट भरत नव्हतं म्हणून आमचे पूर्वज फ्रान्सात जाऊन राजेरजवाड्यांचे चेहरे कसे रंगवायचे. जे रंगवू शकत नव्हते ते तिथलीच धुराडी साफ करायचे. माझे पूर्वज धुराडीवाले. म्हणून मी पस्तीस वर्षं जे वात्रट पत्रक चालवलं त्याचं नाव 'धुराडं' होतं. वर्षातून एकदा, कार्निव्हलला निघायचं. त्यात एक अक्षर खरं नसायचं, आणि लोक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आपापली नावं शोधायचे.

सहलीचाही माझा एक ठरलेला विनोद होता. गाडी सुरू झाली की मी म्हणायचो, "आपले चालक चेल्सो ब्रांका बेचाळीस वर्षांपूर्वी गाडीसकट पुलावरून नदीत पडून वारले. तेव्हापासून गाडी फार सांभाळून चालवतात." मग चेल्सोने आरशात बघून म्हणायचं, "आणि हा अत्तिलिओ अजून जिवंत आहे, म्हणून तुम्हाला हे ऐकावं लागतंय." पाहुणे हसायचे. हा कार्यक्रम सहा वर्षं चालू होता.

त्या दिवशी मी माझं वाक्य म्हटलं आणि थांबलो. चेल्सो रस्त्याकडे बघत होता.

"काय रे, बत्ती गेली का?" मी माईक बाजूला धरून विचारलं.

"बोल तू. चांगलं बोलतोस," तो म्हणाला.

चेल्सो माझ्याबद्दल चांगलं बोलला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. गुळगुळीत दाढी, कॉलरला स्टार्च, आणि अंगात ते काळं जाकीट, जे तो फक्त अंत्ययात्रेला घालतो.

"कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग जाकीट?"

"ऊन लागावं म्हणून काढलं. कपाटात वास येतो."

एवढ्यात मला आठवलं की सकाळी बेकरीवालीच्या खिडकीत चेल्सोचा कॅनरी पक्षी पिंजऱ्यासकट दिसला होता. मला वाटलं होतं, आला असेल बिचारा पाव घ्यायला.

पहिला थांबा पाल्मिरामावशीच्या चित्रशाळेचा. मावशी सत्याऐंशी वर्षांच्या. खोऱ्यात नवसाची चित्रं काढणारं हे शेवटचं घर. कोणी कड्यावरून पडून वाचलं, गाईने तुडवून वाचलं, शिडीवरून कोसळून वाचलं, की मारियामातेला एक पाटी द्यायची. पाटीवर प्रसंग जसा घडला तसा, आणि वरच्या कोपऱ्यात ढगात बसून बघणारी मारियामाता. पाहुणे आत शिरले तेव्हा मावशी टेबलाखाली वाकून काहीतरी हुडकत होत्या.

"अत्तिलिओ, माझी लाल रंगाची नळी तू नेलीस?"

"मी कशाला नेऊ? मला तर काळाच लागायचा."

"लहान ब्रश पण नाही. तो तीन केसांचा, क्रूस काढायचा. कालपर्यंत होता. काल तुमचा तो चेल्सो आलेला, अर्धा तास बसला, कॉफी प्याला, माझ्या बापाची आठवण काढली. बेचाळीस वर्षांत कधी आला नाही तो. मी म्हटलं, बरं आहेस ना रे? तर म्हणाला, मावशी, तुमचा रंग वाळायला किती दिवस लागतात?"

मी बाहेर गाडीकडे पाहिलं. चेल्सो काच पुसत होता. जिथे डागही नव्हता तिथे पुसत होता.

आता ती पाटी. दरीच्या तोंडाशी, जिथून रस्ता अकरा वळणं घेत जुन्या पुलाकडे उतरतो, तिथे रस्त्याला चिकटून एक चॅपेल आहे. आत नवसाच्या दीडेकशे पाट्या. त्यातली सगळ्यात मोठी पुराच्या वर्षाची. बाजाराला निघालेली गाडी पुलावरून घसरली तेव्हा तीत सात माणसं होती. कंडक्टर बातिस्ता बुडाला. बाकीच्या पाचजणांना पंचवीस वर्षांच्या चालकाने, म्हणजे चेल्सोने, एकेक करून काचेतून बाहेर काढलं. मावशीच्या वडिलांनी चित्र काढलं. तपकिरी पाणी, आडवी गाडी, हात वर केलेली सात माणसं, आणि बातिस्ताच्या डोक्यावर तांबडा क्रूस, गव्हाच्या दाण्याएवढा. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर क्रूस काढायची आमच्याकडे सगळीकडेच रीत आहे.

पण या पाटीला आणखी एक रीत पडली. वाचलेल्यांपैकी कोणी नंतर म्हातारपणाने किंवा पिऊन वारलं, की उरलेल्यांपैकी एकाने येऊन त्याच्याही डोक्यावर क्रूस काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, पाद्रीनेही नाही. बेचाळीस वर्षांत पाचजण गेले. शेवटचे तीन क्रूस चेल्सोने काढले. त्याचा हात चित्रकाराचा नाही, म्हणून ते तीन जरा जाड आहेत.

त्या गाडीत मीही होतो. चॅपेलपर्यंत. तिकिटावरून मी बातिस्ताशी हुज्जत घातली आणि त्याने मला बरोबर चॅपेलच्या दारात, पावसात उतरवून दिलं. म्हणून मी चित्रात नाही. ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगत नाही. तिच्यात विनोद सापडलेला नाही अजून.

अकरा वाजता आम्ही चॅपेलपाशी थांबलो. पाहुणे आत आले. त्यांत बाझलचे एक निवृत्त औषधवाले होते, जे माझ्या प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप मारून हसत होते. आणि टिनेकेबाई म्हणून हॉलंडच्या एक शाळामास्तरीण होत्या, ज्या मुळीच हसत नव्हत्या आणि सगळं मोजत होत्या. घुमटातले देवदूत त्यांनी एकशे सव्वीस मोजले होते.

मी पाटीकडे पाठ करून पुराची गोष्ट सांगितली. क्रूसांची रीत सांगितली. शेवटी नेहमीसारखा म्हणालो, "सहा क्रूस मोजा. सातवे आपले चालक, बाहेर काच पुसताहेत."

टिनेकेबाईंनी चष्मा वर केला.

"सात आहेत," त्या म्हणाल्या.

"सहा, बाई."

"सात माणसं, सात क्रूस. मी दोनदा मोजले." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे कोणीच वाचलेलं नाही. मग ही आभाराची पाटी कशी? आभार कशाचे मानलेत?"

मी वळलो. गाडीच्या पुढच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला, टोपीवाला तो छोटा माणूस चेल्सो होता. मी त्याला हजारदा पाहिलं होतं. त्याच्या टोपीवर आता एक क्रूस होता. जरा जाड. बाकीच्यांपेक्षा लालभडक.

"मधल्या वर्षांचे, बाई," मागून आवाज आला.

चेल्सो दारात उभा होता, हातात फडकं. त्याने टोपी काढली, मारियामातेकडे पाहून मान हलवली आणि बाहेर निघून गेला. औषधवाले मांडीवर थाप मारून हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग.

मी बोट लावून बघितलं. बोट लाल झालं.

बाहेर आलो तेव्हा चेल्सो चॅपेलच्या भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत होता. तिथून पहिली चार वळणं दिसतात. पुढची दिसत नाहीत, नुसता नदीचा आवाज वर येतो.

"हे काय केलंस?" मी बोट त्याच्या नाकापुढे धरलं.

"पुसलंस?"

"पुसलं नाही. चेल्सो, हे काय आहे?"

"क्रूस आहे. तू धुराडीवाल्यांचा, तुला काय कळणार."

"जिवंत माणसाच्या डोक्यावर?"

त्याने फडक्याची घडी घातली. मग उलगडली. मग पुन्हा घातली. "शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो होतो. छातीत एक पडदा आहे म्हणे, तो नीट मिटत नाही. सप्टेंबरात कापतो म्हणाला, तोपर्यंत टिकलास तर. जिना चढू नकोस, दारू पिऊ नकोस, आणि गाडी... गाडीबद्दल पण काहीतरी म्हणाला."

"काय म्हणाला?"

"चालवू नकोस म्हणाला. कधी पण बंद पडेल, न सांगता."

"आणि तू बारा माणसं घेऊन अकरा वळणं उतरणार?"

"एकदाच. शेवटचं. संध्याकाळी चावी देऊन टाकतो. अरे, बेचाळीस वर्षं त्या पुलावरून जातोय मी, ओरखडा नाही. बुधवार मधेच सोडून घरी बसू? कॅनरीकडे बघत?"

"कॅनरी तर बेकरीवालीला दिलास!"

"तयारी केली. तयारी करणं म्हणजे मरणं नाही. शेवटच्या तिघांचे क्रूस मी काढले, अत्तिलिओ. बियान्काचा काढला, दोघा भावांचे काढले. माझा कोण काढणार? तू?" तो माझ्याकडे बघून हसला, पहिल्यांदाच त्या दिवशी. "तू चित्रात नाहीस."

हे त्याने वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच लागलं.

"मग नको चालवूस," मी म्हणालो. "इथे थांब. चारची टपालाची पिवळी बस येईल, तिने सगळे उतरू."

"जेवण खाली पुलापलीकडे सांगितलंय. एक वाजता. मक्याचा गरम पोलेंटा वाट बघत नाही." आणि तो फडकं धुवायला चॅपेलमागच्या झऱ्यावर गेला. चालताना मधे एकदा थांबला, भिंतीला हात लावला, जसं काही भिंत बरी आहे ना ते बघत होता.

मी पाहुण्यांकडे वळलो. ते एकेक करून गाडीत चढत होते.

"थांबा," मी म्हणालो. "चढू नका. चालकाची तब्येत बरी नाही. डॉक्टरने गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. कुठल्याही वळणावर मरेल तो."

औषधवाले इतके हसले की त्यांना खोकला आला. "बेचाळीस वर्षांपूर्वीच मेलाय ना!" ते म्हणाले आणि चढले. त्यांची बायको म्हणाली, "सकाळच्या विनोदापेक्षा हा बरा आहे हो." तीही चढली.

"मी खरं सांगतोय."

"हे तुम्ही फार छान करता," एक गृहस्थ म्हणाले. "चेहरा अगदी सरळ ठेवून."

पस्तीस वर्षं मी चेहरा सरळ ठेवून खोटं छापलं. कोणी तक्रार केली नाही. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेलो तर लोकांनी सीटबेल्ट लावले. फक्त टिनेकेबाई पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या आणि माझ्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग त्याही चढल्या. बाकी अकरा चढले होते, त्यांना संख्या अपुरी ठेवायला आवडत नसावं.

फोन त्या जागी लागत नाही. कधीच लागला नाही.

चेल्सो चावी गाडीतच ठेवतो, नेहमी. खोऱ्यात सगळेच ठेवतात. मी चालकाच्या दारातून हात घातला, चावी काढली, आणि काय करायचं ते कळेना. खिशात ठेवली तर तो माझ्यापेक्षा दोन हात उंच आहे, काढून घेईल. दरीत फेकावी तर झऱ्यावरून त्याला दिसेल, आणि तो शोधायला खाली उतरेल. म्हणून मी चॅपेलात शिरलो. दाराशी दानपेटी आहे, लोखंडी, भिंतीत बसवलेली. तिची किल्ली पाद्रीकडे, आणि पाद्री खालच्या शहरात. तो येतो रविवारी.

चावी फटीतून जाईना. तिला दोरीने लाकडी गोंडा बांधला होता, चेल्सोने स्वतः कोरलेला. मी दोरी दाताने तोडली. मग गेली. आत पडल्याचा आवाज फार मोठा आला.

बाहेर आलो तर चेल्सो सीटवर बसून हाताने चाचपत होता. खाली, बाजूला, जाकिटाच्या खिशात. मग सावकाश मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात गोंडा होता.

"अत्तिलिओ. चावी."

"मारियामातेकडे आहे. रविवारी मिळेल."

मग चेल्सोने तोंड उघडलं. माझ्या आजीपासून सुरुवात केली, धुराडीवाल्यांच्या सात पिढ्या घेतल्या, मग 'धुराडं'चे पस्तीस अंक, कागदासकट. सकाळपासूनच्या वळणांच्या सगळ्या शिव्या थकल्या होत्या, त्या त्याने एका दमात फेडल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं की मी पायरीवर खाली बसलो.

मग दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चारपर्यंत वेळ काढायचा होता. गाडीत मागे काळा पाव, सलामीचे काप आणि उकडलेली अंडी असतात, अडीअडचणीला. ते आम्ही गवतावर मांडलं. ऊन पडलं होतं. औषधवाल्यांनी बूट काढले. टिनेकेबाईंनी अंडी मोजून वाटली.

चेल्सो चॅपेलच्या भिंतीलगतच्या बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याचा चेहरा पाठीमागच्या चुन्यासारखा झाला होता.

"पोलेंटा गार होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"बातिस्ताने तुला इथेच उतरवलं होतं ना?"

"इथेच. तिकिटावरून."

"आणि आता तू मला इथे उतरवलंस." त्याने डोळे मिटले. "हरामखोर," तो म्हणाला, पण हळू, जसं माणूस घरच्यांना म्हणतो.

मी अंडं सोलायला घेतलं. साल पातळ होतं, नीट निघेना. "मीठ दे रे," मी म्हणालो. तो बाकाच्या त्या टोकाला होता, मिठाची पुडी त्याच्या पलीकडे. "चेल्सो, मीठ."

टोपी त्याच्या गुडघ्यावरून घसरली आणि गवतात पडली. त्याने ती उचलली नाही.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. हे मला टिनेकेबाईंनी सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं, मी विचारलं नसताना. त्यांच्याकडे सहलीचं छापील वेळापत्रक होतं. त्याप्रमाणे बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी आठव्या वळणावर असायला हवी होती. आठव्या वळणाला कठडा नाही. पुरात गेला, तो पुन्हा बांधलेला नाही.

त्यानंतर औषधवाले दिवसभर हसले नाहीत. चेल्सोची नाडी त्यांनीच बघितली.

खाली शहरात डॉक्टर मला म्हणाला, "एवढा राग त्याला सोसण्यासारखा नव्हता." मी म्हणालो, "वळणं सोसण्यासारखी होती का?" डॉक्टरने दाखल्यावर सही केली. उत्तर मला अजून मिळालेलं नाही. रविवारी पाद्रीने पेटी उघडली तेव्हा मी समोर होतो. चावी, थोडी नाणी आणि कोटाचं एक बटण निघालं.

पाल्मिरामावशींना पाटी सांगितली ती पाहुण्यांनी, सगळ्यांनी मिळून. मावशी वैतागल्या. "पडलेली गाडी मी झोपेत काढीन. न पडलेली कशी काढू? लोकांना दिसणार काय, उन्हात उभी गाडी?" तरी त्यांनी काढली. गवतावर बसून अंडी खाणारी बारा माणसं. बाकावर दोघं, एकाच्या मांडीवर टोपी. वरच्या कोपऱ्यात ढगात मारियामाता, हातात गाडीची चावी घेतलेली. पाद्री म्हणाला, चावी पुसा. मावशी म्हणाल्या, तुमच्या पेटीतच होती ना? चावी राहिली.

बाकावरच्या चेल्सोच्या डोक्यावर क्रूस मी रंगवला. आता मी चित्रात आहे, माझा हक्क आहे. पुराच्या पाटीवरचा मात्र तसाच ठेवला आहे. वाळायला त्याला पूर्ण उन्हाळा लागला.

टिनेकेबाई दर नाताळात कार्ड पाठवतात. बाराही जणांचे पत्ते त्यांच्याकडे आहेत. कार्डावर एकच शब्द असतो. दोन वर्षं 'बारा' आलं. यंदा 'अकरा' आलं. औषधवाले गेले, झोपेत, बाझललाच. मी चॅपेलात जाऊन त्यांच्या डोक्यावर क्रूस काढला. माझा हात थरथरतो, त्यामुळे क्रूस कानाजवळ गेला. त्यांनी मांडीवर थाप मारली असती.

माझा कोण काढणार, म्हणून मी बाईंना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. येईन, म्हणाल्या, कितीही लांब असले तरी येईन, फक्त तुम्ही त्यातले नेमके कोण ते खात्रीने कळवा. मी लिहिलं, बाकावरचा, तोंड उघडं असलेला.

लाल नळी चेल्सोच्या जाकिटात सापडली होती. ती माझ्याकडे आहे, ब्रशही. बुधवारी पाहुणे पुढे गेले की मी मिनिटभर चॅपेलात मागे राहतो. बाकावरच्या त्या तोंड उघड्या माणसाच्या डोक्यावर मावशींनी जरा जास्तच मोकळं आकाश ठेवलंय. हात आपोआप खिशाकडे जातो. मग बाहेरून नवी चालक हॉर्न वाजवते, आणि मी नळीचं झाकण घट्ट करून घाईने गाडीत जाऊन बसतो, उलटा, रस्त्याकडे पाठ करून.